आंडेरला लावलेला काना

१० जानेवारी १९८८, रविवार

घंटा तीनदा वाजली. एकदा पाण्यासाठी, एकदा उशीसाठी आणि तिसऱ्यांदा — "कुठे होतीस?" इथेच होते, नाना! दोन खोल्यांच्या क्वार्टरात जाणार कुठे? खुब्याचं हाड मोडून नाना खाटेवर पडले तेव्हापासून शाळेची ती जुनी पितळी घंटा त्यांच्या उशाशी आहे. हेडमास्तर होते तेव्हा इतकी वाजवली नसेल.

उपासनेनंतर सभा होती. मिशनचा ट्रस्ट अर्धं कंपाऊंड विकणार. उरलेली क्वार्टरं मूळ घराण्यांच्या नावावर करून देणार. आता मूळ घराणं म्हणजे कोण? सेक्रेटरींनी वाचून दाखवलं — ज्यांचा मूळ पुरुष जुन्या कब्रस्तानात पुरलेला आहे, आणि त्याच्यापासून आजपर्यंत मुलग्यांची ओळ सलग लागते, ते. बाकीच्यांनी मेअखेर घर खाली करायचं.

नुसता गोंधळ! कुणाला आजोबांचं नाव ठाऊक तर पणजोबांचं नाही. मग सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "प्रमिलाबाई वाचतील दगड. बाईंना वेळ आहे." वेळ आहे! शाळा, स्वयंपाक, नानांचं भांडं, नानांची पाठ पुसणं, आणि वर वेळ आहे. लग्न न झालेल्या बाईकडे वेळ पडून असतो अशी सगळ्यांची खात्रीच.

तरी हो म्हटलं.

११ जानेवारी

हो का म्हटलं? कब्रस्तान पांझरा नदीच्या पलीकडे आहे. तिथे घंटा ऐकू येत नाही.

१७ जानेवारी, रविवार

आज पहिला दिवस. इंदिराअक्का नानांजवळ बसल्या. ऐंशीच्या आहेत, शेजारच्या क्वार्टरात एकट्या राहतात आणि नानांना मुळीच भीत नाहीत.

ईस्टरच्या आधी कबरींना चुना लावायची आपल्याकडे रीत. किती वर्षांचे थर बसलेत कोण जाणे! माणसं एकदाच पुरली, नावं दरवर्षी. ओलं गोणपाट दगडावर टाकून ठेवायचं, मग बांबूच्या काडीने हळूहळू चुना काढायचा. लोखंड लावलं की टवका उडतो. मग ज्वारीचं पीठ बोटाने चोळायचं आणि फुंकर मारायची. उरतं ते अक्षर.

मिशनरी साहेबांच्या कबरी इंग्रजीत आहेत. आपल्या लोकांच्या बऱ्याचशा चक्क अहिराणीत. घरच्यांनी सांगितलं तसं पाथरवटाने कोरलं असणार. "गोविंदाना आंडोर", "हिराबाईनी आंडेर". आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी. मला वाचताना हसू येत होतं. मेलेली माणसं ओट्यावर बसून बोलताहेत असं वाटलं.

घरी सांगितलं तर नाना म्हणाले, "दगडावर तरी शुद्ध लिहायचं!" आमच्या घरात अहिराणी बोलायची नाही हा नानांचा नियम. लहानपणी मी "काय शे" म्हटलं की पट्टी. भटूदादालाही तेच. तो आता जळगावला एसटीच्या वर्कशॉपमध्ये आहे, तिथे मनसोक्त बोलत असेल.

२४ जानेवारी, रविवार

आमच्या कंपाऊंडातल्या मोतीलाल मेस्त्रींचा मूळ पुरुष सापडला! गेली कित्येक वर्षं मेस्त्री सांगत आलेत की आमचे पणजोबा मोठ्या साहेबांचे बटलर होते. दगडावर पीठ भरलं. "चुडामण. साहेबना घोडा सांभाये." मेस्त्रींनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "बाई, घोडा तरी मोठा होता का हो?"

इतकं हसले! घरी आल्यावर नानांनी विचारलं, "दात कशाला दाखवतेस?"

आता चुडामणपासून मेस्त्रींपर्यंतची ओळ लावायला हवी. त्यांची आत्या सावद्याला असते, तिला सगळं पाठ आहे म्हणे.

३१ जानेवारी

हे कुठेच बोललेले नाही, इथे लिहिते. फैजपूरच्या मुलींच्या वसतिगृहाला रेक्टर पाहिजे. दिवाळीतच अर्ज केला होता. बोलावणं आलंय — तेरा फेब्रुवारी. राहायला खोली देतात. आणि फैजपूर सावद्याला लागूनच!

घोडा सांभाळणाऱ्या चुडामणा, तुझे उपकार.

१३ फेब्रुवारी, शनिवार

पहाटेची जळगाव बस, मग भुसावळ, मग सावदा. दोन्ही बाजूंना केळीच केळी. आत्याबाईंनी बसल्या बसल्या चुडामणची सगळी ओळ घडाघडा सांगितली, वर शेवया खायला घातल्या. मेस्त्रींचं घर वाचलं. तिथून फैजपूर.

मुलाखतीत फारसं काही विचारलं नाहीच. "घरी जबाबदारी काय?" एवढंच. "वडील आहेत," म्हटलं. "त्यांचं कोण बघेल?" मग त्या संस्थेच्या बाईच म्हणाल्या, "बघा, काहीतरी सोय करा. ईस्टर झाला की कळवा. आम्ही तुमच्यासाठी थांबतो."

खोली दाखवली. एक खाट. एकच! मी उभी राहून बघतच राहिले. त्या बाईंना वाटलं खोली लहान म्हणून मी नाराज झाले. "दुसरी खाट टाकता येईल," म्हणाल्या. "नको, नको!" मी जवळजवळ ओरडलेच.

परत आले तर नाना जागेच. "मोतीलालच्या आत्याला एवढं काय सांगायचं होतं?"

मी अडतीस वर्षांची आहे. अजून खोटं बोलून घराबाहेर पडते.

२१ फेब्रुवारी, रविवार

भटूदादा आणि सुनंदावहिनी आले. घराच्या बातमीचा वास जळगावपर्यंत गेला. दादाने आधी भिंती बघितल्या, मग कौलं, मग मागचा परसू. नाना कसे आहेत हे सर्वांत शेवटी.

"आपला तर प्रश्नच नाही," म्हणाला. "वना भगताचं घराणं! धुळ्याच्या मंडळीतला पहिला बाप्तिस्मा. वना भगत, त्याचा भिकू, भिकूचा तोताराम, तोतारामचे नाना, नानांचा मी. घर माझ्या नावावर लागेल. तू राहा की नानांबरोबर, तुला कोण काढतंय?"

कोण काढतंय! मी म्हटलं, "दादा, चार महिने नानांना जळगावला ने. मला जरा—" पुढचं वहिनीनेच पुरं केलं, "एका खोलीत कुठे ठेवायचं हो वन्सं? तुम्हीच सांगा."

मग सहज विचारलं. अगदी सहज, चहा गाळता गाळता. "आणि समज, घर मिळालंच नाही तर?"

"मग काय, न्यावंच लागेल. बापाला रस्त्यावर टाकणार का?"

चहा सगळा बशीबाहेर.

२२ फेब्रुवारी

घर मिळालं — मी इथे, नाना जातील तोवर. नाना काटक आहेत. घर गेलं — नाना जळगावला, मी फैजपूरला. किती सरळ हिशेब! आणि किती घाणेरडा. स्वतःच्या बापाचं छप्पर जावं म्हणून मुलगी देवाजवळ प्रार्थना करते का? काल केली. अर्धीच केली, मग लाज वाटली.

२८ फेब्रुवारी, रविवार

आपला दगड मुद्दामच शेवटी ठेवला होता. भिकूचा. नानांचे आजोबा. वना भगताच्या कबरीला लागूनच आहे, कोपऱ्यातल्या निंबाखाली.

चुना निघाला. पीठ भरलं. "भिकु. वना भगतना आंडोर." संपलं. ओळ लागली. मुलगा, त्याचा मुलगा, त्याचा मुलगा. मी तिथेच खाली बसले. रडले. खोटं कशाला लिहू, रडलेच.

डोळे पुसून पीठ झटकायला गेले आणि हात थांबला. 'डो' विचित्र दिसत होता. आपण 'डो' लिहितो तेव्हा ड काढतो, पुढे काना देतो आणि मात्रा त्या कान्यावर येते. इथे मात्रा डच्या डोक्यावर! काना मागाहून येऊन ड आणि रच्या मध्ये अंग चोरून उभा. जागाच नव्हती त्याला. बाकी अक्षरं खोल, काठ गोलसर. काना उथळ आणि धारदार.

मग 'भगतना' बघितलं. नच्या वर बोट फिरवलं. गुळगुळीत. सिमेंट. काडीने टोकरलं तर खालून वेलांटी निघाली.

वना भगतनी आंडेर.

भिकू पुरुष नाहीच. भिकुबाई. वना भगताची मुलगी!

३ मार्च, होळी

शाळा लवकर सुटली. इंदिराअक्कांकडे गेले. दार लावून घेतलं आणि विचारलं, भिकु कोण?

अक्का हसल्या. "आते समजनं तुले? भिकुबाई. नवरानी सोडी दिधी व्हती. पोऱ्या कडवर लईसन बापनाघर उनी. मन्ही माय सांगे, बायबलबाई व्हती ती. पायीपायी गावेगाव फिरे." नवऱ्याने टाकलेली, पोर कडेवर घेऊन बापाच्या घरी आलेली.

बायबलबाई — म्हणजे घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणारी. मिशनचा पगार, मिशनचं घर. हेच क्वार्टर! तोतारामच्या नावापुढे बापाचं नाव लावायला बाप नव्हता, म्हणून आईचंच लावलं. तोताराम भिकु. पुढे लोकांना वाटलं भिकू बापच. नाव असं की बाईचंही चालतं, पुरुषाचंही.

"आणि अक्का, तो काना?"

अक्कांनी माझ्याकडे न बघता चुलीत काटकी सारली. "तुन्हा बापले इचार."

६ मार्च, रविवार

विचारलं. नानांची दाढी करत होते. वस्तरा बाजूला ठेवला, मग विचारलं.

"दगडावर काना कोणी कोरला?"

अगदी हेडमास्तरी आवाजात — "शुद्धलेखनाची चूक होती. दुरुस्त केली."

"नाना!"

"ओरडू नकोस. तुला काय माहीत? वर्गात पोरं हसायची. जीवराम, तुझ्या आज्याचं नाव बाईचं कसं रे? मास्तर झालो तरी हसायची. मी शिकवायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून 'भिकुबाई' अशी हाक यायची. मग गेलो छन्नी घेऊन."

अर्ध्या गालाला साबण तसाच. मला कीव आली. रागही आला. भिकुबाई गावोगाव चालली, तिने हे घर मिळवलं, पोर एकटीने वाढवलं. आणि नातवाने तिला मिशा लावल्या! कारण काय, तर पोरं हसतात.

मी वस्तरा उचलला. तेव्हा नाना डोळे मिटून म्हणाले, "सांग कमिटीला. घर गेलं की तू मोकळी. एवढं कळतं मला."

फैजपूरचं कुणी सांगितलं त्यांना? कुणीच नाही. उरलेली दाढी केली.

७ मार्च

घंटा नाही.

८ मार्च

आजही नाही. भांडं पाहिजे असलं तरी वाजवत नाहीत. मीच दर थोड्या वेळाने जाऊन विचारते. हे जास्त वाईट. आता घंटा नसतानाही ऐकू येते.

१३ मार्च, रविवार

पुन्हा पुन्हा तेच. सांगितलं नाही तर कुणाला कळणार आहे? दगड मी वाचलाय. चुना परत लागेल. लोक म्हणतात, बाईंनी वाचलं म्हणजे झालं. मेस्त्री तर माझ्यासाठी उभ्या उभ्या शपथ घेतील. आंडोर म्हटलं की घर दादाचं, आणि मी दादाच्या घरातली फुकटची दाई.

आंडेर म्हटलं तर खरं बोलल्याचं पुण्य. पण ते खऱ्यासाठी बोललेलं नसेल, सुटण्यासाठी असेल. खरं ते खरंच, कुठल्याही कारणाने बोललं तरी — असं म्हणावं का? पाळकसाहेबांना विचारायची सोय नाही. ते नानांचे विद्यार्थी.

एक मात्र डोक्यातून जात नाही. घराण्याची ओळ लावताना आंडेर धरायची नाही. आणि बापाचं भांडं उचलायचं म्हटलं की सगळ्यांना आंडेरच आठवते! हा कुठला हिशेब? वना भगतालाही शेवटी भिकुबाईनेच पाणी दिलं असेल. पैजेवर सांगते.

२० मार्च, रविवार

सांगितलं. सेक्रेटरींना कब्रस्तानात नेलं, ड दाखवला, मात्रा दाखवली, सिमेंट दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, तुम्हाला कळतंय ना? घर जाईल तुमचं."

"हो," म्हटलं.

"शाबास आहे तुमची," म्हणाले. मला तोंड लपवावंसं वाटलं.

काना कोणी कोरला ते विचारलंच त्यांनी. "माहीत नाही," म्हटलं. एवढं एक खोटं.

घरी येऊन नानांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग घंटा वाजवली! मी समोरच उभी होते. "भूक लागलीय," म्हणाले.

२६ मार्च, शनिवार

सभा.

एकेक घराणं वाचलं. मेस्त्री — मंजूर. टाळ्या. मग आमचं. सेक्रेटरींनी सगळी हकिगत सांगितली. आंडेर, काना, वेलांटी, बायबलबाई. मी खाली मान घालून बसले होते, आता "नामंजूर" म्हणतील आणि सुटेन. मनातल्या मनात ट्रंकेत साड्या भरत होते.

पाळकबाई उठून उभ्या राहिल्या. "म्हणजे भिकुबाई आपल्या मंडळीची पहिली बायबलबाई! आणि आपल्याला तिची कबर माहीत नव्हती? पुढच्या वर्षी मंडळीला शंभर वर्षं होतात. आणि तिच्या घराला आपण नामंजूर म्हणणार?" बायकांची बाजू एकदम उठली. मी कधी ऐकला नव्हता असा आवाज. इंदिराअक्का काठी आपटून म्हणाल्या, "आंडेर काय माणूस नही शे का?"

नियम बदलला. हात वर करून, जागच्या जागी. आंडेरची ओळही धरायची. मग कुणीतरी पुरुषच म्हणाला, मग घर आंडेरलाच द्या की! प्रमिलाबाईंनी स्वतःचं नुकसान सोसून खरं सांगितलं. टाळ्या थांबेनात. घर भटूदादाच्या नावावर नाही. माझ्या! सेक्रेटरी म्हणाले, "अट एकच. जीवराम मास्तरांचा हयातभर सांभाळ. ती तर बाई करतातच आहेत."

सगळ्या येऊन मिठ्या मारत होत्या. मेस्त्रींनी सगळ्यांना पेढे वाटले. माझा पेढा मी पदराला बांधला.

खरं बोलायला गेले आणि स्वतःच्याच हाताने दाराला कुलूप लावून घेतलं.

२७ मार्च, झावळ्यांचा रविवार

दादा जळगावहून तणतणत आला. "नाव तुझं कसं लागलं? माझी एसटीची वीस वर्षं भाड्याच्या खोलीत गेली, आणि घर हिला!" वहिनी माझ्याशी बोलली नाही. भांडून दुपारच्या गाडीने परत.

फैजपूरला नाही कळवायचं म्हणून कार्ड घेऊन बसले. पत्ता लिहिला, 'क्षमा असावी' लिहिलं. पुढे काही लिहवलं नाही. कार्ड तसंच नानांच्या उशाशी, घंटेजवळ राहिलं.

३ एप्रिल, ईस्टर

पहाटेची उपासना नेहमीप्रमाणे कब्रस्तानात. पोरांनी नानांना खुर्चीसकट उचलून नेलं. भिकुबाईच्या दगडावर फुलांचा ढीग. काना कुणीतरी पुट्टी भरून बुजवला होता, नीट, पुसट दिसेल इतकाच. नानांनी खुर्ची जवळ घ्यायला लावली. दगडावर तळवा ठेवला. कुणीतरी नवीन मुलगा विचारत होता, ही कोण? मी सांगणार तेवढ्यात नानाच बोलले. "मन्ही आजी."

अहिराणीत! मी उभ्या जन्मात त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

४ एप्रिल, सोमवार

सेक्रेटरींनी ठरावाची प्रत दिली. नानांना वाचून दाखवली. "सदर घर कु. प्रमिला यांच्या नावे करण्यात येत असून त्यात जीवराम मास्तरांचा हयातभर सांभाळ व्हावा." नानांनी चष्मा मागितला. स्वतः वाचलं. परत वाचलं. मग कागदावर नख ठेवून म्हणाले, "सांभाळ व्हावा. कोणी करावा? या वाक्यात कर्ता नाही."

मी कागद पुन्हा हातात घेतला.

"भटूला तार कर. म्हणावं, भाड्याची खोली सोड आणि धुळ्याला बदली माग. इथे घर आहे, अन् बापही. अन् तू फैजपूरचं ते कार्ड फाड, नवीन आण. 'येते' लिही."